राख की माती?

होळी तोंडावर आली की पालघर, बोईसर आणि डहाणूच्या पट्ट्यात धुराचे दिवस सुरू होतात. भातखाचरांच्या कडेला राब भाजले जाऊ लागतात. बोईसरच्या वसाहतींत झाडांची छाटणी होते आणि छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा कुंपणाच्या कोपऱ्यात ढीग करून पेटवून दिला जातो. चिकूच्या वाड्यांमध्ये वाळलेल्या फांद्यांची तीच गत होते. तारापूरच्या धुराड्यांविषयी सगळेच बोलतात, आणि ते बोललेच पाहिजे. परंतु आपल्या कुंपणातला धूर कुणालाच दिसत नाही. तो सवयीचा झाला आहे, आणि सवयीच्या गोष्टीचा हिशेब सहसा कुणी मागत नाही.

हिशेब मांडला तर तो असा आहे. वाळलेल्या लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो. ते जाळले की कर्ब हवेत जातो, नत्र हवेत जाते आणि मूठभर राख उरते. पहिला जोरदार पाऊस त्या राखेतले पालाशही धुऊन खाडीला नेतो. तेच लाकूड मातीखाली गाडले तर पाच-सात वर्षे ते हळूहळू कुजत राहते, पावसाचे पाणी धरून ठेवते, बुरशी आणि गांडुळांना घर देते आणि अखेर स्वतःच माती होते. एका वाटेने गेले तर राख, दुसऱ्या वाटेने गेले तर माती. निवड एवढी सोपी असूनही आपण दरवर्षी पहिलीच वाट धरतो.

लाकडावर वाफा रचण्याच्या या पद्धतीला युरोपात ‘ह्यूगेलकल्टूर’ म्हणतात. शब्द जर्मन असून त्याचा अर्थ टेकडीवरची लागवड एवढाच. तळाशी जाड ओंडके, त्यावर फांद्या, मग काटक्या, पाने, गवत, शेण आणि सर्वांत वर माती असा उंचवटा करायचा आणि त्यावर भाजीपाला लावायचा. १९६०च्या दशकात जर्मनीत या पद्धतीचे लेखन प्रसिद्ध झाले आणि पुढे ऑस्ट्रियातील सेप होल्त्सर या शेतकऱ्याने आपल्या डोंगरावरील शेतात ती राबवून जगभर पोहोचवली. आज आपल्याकडील शहरी बागप्रेमींमध्येही हा शब्द मोठ्या कौतुकाने उच्चारला जातो.

असा एखादा परदेशी शब्द आला की आपल्या समाजात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक वर्ग भारावून जातो. परदेशी नाव असल्याखेरीज त्याला शेणमातीला हात लावणे कमीपणाचे वाटते. दुसरा वर्ग तत्काळ सांगतो की हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. मग तो पान सुपारी खाऊन स्वस्थ बसतो. दोघांच्याही हातून वाफा होत नाही. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त कुणपजलासारखी द्रव खते सांगितली आहेत, तो ग्रंथ आपल्या अभिमानाचा विषय आहेच, पण म्हणून त्यात जर्मन ओंडक्यांचा वाफा शोधत बसण्याचे कारण नाही. पूर्वजांचा खरा वारसा निरीक्षणाचा आणि प्रयोगाचा आहे. तो चालवायचा असेल तर आधी आपल्याच पट्ट्यात लाकूड आणि माती यांचे नाते कसे होते, ते समजून घेतले पाहिजे.

राबाचे शास्त्र

ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्याला लाकडाचे मोल कळत नव्हते, असे म्हणणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. राब ही आळशी माणसाची आगलावणी नव्हे. ऐन आणि तत्सम झाडांच्या फांद्यांचा कवळ तोडायचा, तो वाळवायचा, शेण, कवळ, गवत आणि वर मातीचा थर अशा क्रमाने रोपवाटिकेच्या जागेवर पसरायचा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन तो धुमसत ठेवायचा. या भाजावळीने तणाचे बी मरते, मातीतली कीड मरते, पालाश मिळते आणि रोप जोमदार उठते. त्यासाठी गावोगाव ‘वरकस’ जमिनी राखलेल्या असत. भाताच्या खाचराला जोडून कवळाची आणि गवताची जमीन हवी, हा हिशेब आपल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला होता.

इंग्रजांच्या वनखात्याला हे पटले नाही. त्यांच्या दृष्टीने जंगल म्हणजे लाकडाचे कोठार आणि कवळ तोडणारा शेतकरी म्हणजे चोर. ठाणे-कुलाब्यातून एवढ्या तक्रारी उठल्या की १८८५मध्ये मुंबई सरकारला वनविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला, आणि राबाचा प्रश्न हा त्या गाऱ्हाण्यांतला एक कळीचा प्रश्न होता. पुढे भारतीय शेतीच्या पाहणीसाठी आलेले डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली आणि एकूणच भारतीय शेतकरी इंग्रज शेतकऱ्यापेक्षा कमी नाही, किंबहुना काही बाबतींत सरस आहे, असे मोकळेपणाने मान्य केले. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची जी पद्धत सिद्ध केली, तिच्या नावातच इंदूर आहे. भारतीय शेतकऱ्याला आपण आपला गुरू मानले, हे त्यांनी कधी लपवले नाही.

मग आज राबाविषयी फेरविचार का करायचा? कारण राबाला ज्या परिस्थितीचा आधार होता, ती राहिलेली नाही. वरकस जमिनींवर आज चाळी, गोदामे, फार्महाऊस आणि प्लॉट उभे आहेत. जंगल विरळ झाले. शेण कमी झाले, कारण गोठे रिकामे झाले. कवळ कमी पडला की त्याची जागा मिळेल त्या पाचोळ्याने आणि काही ठिकाणी तर कचऱ्याने भरून काढली जाते. परंपरेचा सांगाडा उरतो, प्राण जातो. अशा वेळी परंपरा जपणे म्हणजे तिच्या मुळाशी असलेला विचार नव्या परिस्थितीत पुन्हा रुजवणे. झाडाचे जे आहे ते मातीला परत द्यायचे, हा तो विचार आहे. देण्याची रीत बदलू शकते.

दाभोळकर ते नेरळ

ही रीत बदलण्याचे काम महाराष्ट्रात झाले आहे, आणि ते कुण्या परदेशी संस्थेने केलेले नाही. प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून द्राक्ष बागायतदारांपासून गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांपर्यंत शेकडो माणसांना एकमेकांचे शिक्षक बनवले. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, ही त्यांची मांडणी अनेकांना धाडसी वाटली. परंतु तिच्या मुळाशी असलेले सूत्र अगदी साधे होते. सूर्यप्रकाश फुकट आहे. पानाने तो पकडायचा आणि झाडाचा प्रत्येक अवशेष मातीत परतवायचा. काडीकचरा हा त्यांच्या लेखी कचरा नव्हताच, ते भांडवल होते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचे चिपाड आणि पालापाचोळा वापरून गच्चीवर शेती केली. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२पासून प्रीती पाटील यांनी उष्टे-खरकटे आणि पालापाचोळा यांतून बाग उभी केली. सिमेंटच्या गच्चीवर हे होऊ शकते, तर बोईसरच्या मोकळ्या अंगणात ते का होऊ नये?

भाताच्या बाबतीत नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस तंत्र’ विकसित केले. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही आणि म्हणून रोपवाटिका व राब यांचीही गरज नाही. कायमस्वरूपी गादीवाफे करायचे, त्यांवर थेट भात टोकायचे आणि कापणीनंतर मुळे उपटून न काढता तशीच जमिनीत कुजू द्यायची. ‘गादीवाफा’ हा मराठी शब्द मुद्दाम ध्यानात ठेवावा. ओंडक्यांवरचा वाफा म्हणजे पोटात लाकूड असलेला गादीवाफाच. परक्या नावाचे ओझे न घेता तो आपल्या परसात आणता येतो.

पालघरला मानवेल असा वाफा

तथापि ऑस्ट्रियाच्या थंड डोंगरावरची कृती पालघरला जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तेथे माणसाच्या उंचीचे तीव्र उताराचे ढीग रचतात. येथे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. असा ढीग आषाढातच वाहून जाईल. येथे वाफा ठेंगणा हवा, फार तर दोन-अडीच फूट, आणि त्याच्या कडेला बांबूचे किंवा दगडाचे कोंदण हवे. भातशेतीच्या चिकण जमिनीत खड्डा खणू नये, पाणी साचून लाकूड सडके वास मारू लागते. तेथे वाफा जमिनीवरच रचावा. केळवे, माहीम, चिंचणीच्या रेताड किनारपट्टीत मात्र हात-दीड हात खोल चर खणून त्यात ओंडके पुरावेत, कारण तेथे पाणी टिकवणे हाच मुख्य प्रश्न आहे.

लाकूड निवडतानाही विवेक हवा. आंबा, उंबर, सुबाभूळ यांचे आधीच अर्धवट कुजलेले लाकूड सर्वांत चांगले. शेवगा, पांगारा आणि गिरिपुष्पाच्या ओल्या फांद्या पुरल्या तर त्या फुटून उभ्या राहतात, म्हणून त्या आधी वाळवाव्यात. सागाचा गाभा आणि सुरूचे लाकूड कुजायला फार वेळ घेते. चिकूचे लाकूडही टणक, त्याच्या बारीक फांद्याच घ्याव्यात. निलगिरीचे ताजे लाकूड टाळावे. नारळाच्या वाड्यांजवळ नारळाचे कुजके खोड वाफ्यात मुळीच घालू नये, कारण नारळाला पोखरणारा गेंड्या भुंगा अशाच खोडात अंडी घालतो. वाळवीला तर लाकडाचे आमंत्रणच लागते, म्हणून वाफा घराच्या भिंतीपासून आणि लाकडी दारापासून चांगला दूर ठेवावा.

पहिल्या वर्षी अपेक्षा बेताची ठेवावी. लाकडात कर्ब उदंड आणि नत्र नगण्य असते. ते कुजवणारे जिवाणू आपली नत्राची भूक आजूबाजूच्या मातीतून भागवतात आणि पिके पिवळी पडतात. म्हणून ओंडक्यांच्या फटींत शेणकाला, हिरवे गवत आणि गिरिपुष्पाचा पाला भरपूर भरावा आणि पहिल्या हंगामात चवळी, वाल, गवार अशी स्वतःचे नत्र मिळवणारी पिके घ्यावीत. त्यांच्या सोबतीला भोपळा, पडवळ चढवावे. पालेभाज्या दुसऱ्या वर्षापासून. वैशाखात वाफा रचला की पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन घेते आणि दिवाळीनंतर ते हळूहळू परत देते. अशा वाफ्याला पाणीच लागत नाही, असा दावा काही उत्साही मंडळी करतात. आठ महिने ऊन तापणाऱ्या आपल्या पट्ट्यात तो खरा मानू नये. पाणी कमी लागते, एवढे खरे. आणि तेवढे पुष्कळ आहे. वाफा दरवर्षी खचतो, त्यावर दरवर्षी पाला-मातीची भर घालावी लागते. एकदा करून विसरून जाण्याची ही गोष्ट नाही.

तारापूरचे लाकूड नको

बोईसर-तारापूरसाठी एक इशारा स्वतंत्रपणे द्यायला हवा. औद्योगिक वसाहतीच्या आसपास मालवाहतुकीची लाकडी पॅलेट आणि खोकी स्वस्तात, कधी फुकटही मिळतात. वाफ्यासाठी ती सोयीची वाटतात. परंतु ज्या पॅलेटवर रसायनांची पिंपे ठेवली गेली, ज्यांवर काय सांडले हे कुणालाच ठाऊक नाही, ती अन्न पिकवायच्या मातीत पुरणे म्हणजे विष पेरणे होय. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, रसायन पाजलेल्या फळ्या यांनाही हाच नियम. पुरायचे ते झाडावरून थेट आलेले लाकूडच.

हा इशारा अनाठायी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिले आले. हा ‘पहिला क्रमांक’ कुठल्याही मराठी माणसाला लाज वाटावी असाच आहे. येथील मांगेला समाजाच्या अखिल भारतीय परिषदेला आपल्या खाड्या आणि मासेमारी वाचवण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले. तेव्हा परसातल्या वाफ्याने तारापूरचे पाणी स्वच्छ होईल, असा भाबडा समज कुणी करून घेऊ नये. उद्योगांनी आपले सांडपाणी कायद्यानुसार शुद्ध केलेच पाहिजे आणि शासनाने ते करून घेतलेच पाहिजे. नागरिकाच्या छोट्या कर्तव्याने कारखानदाराचे मोठे कर्तव्य माफ होत नाही. परंतु कारखानदाराला जाब विचारणाऱ्या नागरिकाच्या अंगणातून पाचोळ्याचा धूर निघत असेल, तर त्याच्या प्रश्नाची धार बोथट होते, हेही तितकेच खरे. उघड्यावर कचरा जाळण्यास हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६मध्ये मनाई केली असून साध्या जाळपोळीलाही पाच हजार रुपयांचा दंड सांगितला आहे. किती वसाहतींच्या सूचनाफलकावर हे लावलेले आढळते?

येथे काही मंडळी लगेच होळीकडे बोट दाखवतील. सणाच्या एका रात्री समाजाने एकत्र येऊन पेटवलेला अग्नी आणि वर्षभर रोज कोपऱ्यात धुमसणारा कचरा यांना एकाच मापाने मोजणे हा प्रामाणिकपणा नव्हे. मात्र त्या एका रात्रीसाठी जिवंत झाड तोडणेही धर्माला धरून नाही. होळी लहान असावी, सुक्या काटक्यांची आणि गोवऱ्यांची असावी. तिचे पावित्र्य ढिगाच्या उंचीवर अवलंबून नसते. वाफ्यासाठीही हाच नियम. पडलेले, छाटलेले, मेलेले लाकूडच घ्यायचे. वाफ्यासाठी झाडावर कुऱ्हाड चालवली तर सारा हेतूच पराभूत झाला.

प्रश्न ताटाचा आहे

हा विषय हौशी बागकामाचा असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्याला वनवासी भागाच्या विकासाचे कारण होते. याच भागातील जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२मध्ये सबंध महाराष्ट्राला हादरवले होते. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या, पण पावसाळा संपला की पाड्यावरच्या ताटातली हिरवी भाजी आजही आटते. दिवाळीनंतर घरची कर्ती माणसे वीटभट्ट्यांकडे आणि शहरांकडे निघतात; मागे राहतात म्हातारी माणसे आणि कधी लेकरे. ‘उमेद’ अभियानातून परसबागांना चालना मिळाली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु परसबाग नेमकी फाल्गुन-चैत्रात पाण्यावाचून सुकते. सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या वाढत्या शहरांकडे वळत असताना, पाड्यावर बादलीभर सांडपाण्यात महिना-दीड महिना अधिक तग धरणारा वाफा ही चैन उरत नाही.

येथे एक आक्षेप मनापासून विचारात घ्यायला हवा. पाड्यावरच्या बाईला लाकूड चुलीसाठी लागते. ते पुरा, असे तिला सांगणारे आपण कोण? आक्षेप रास्त आहे. २०१६च्या उज्ज्वला योजनेने गॅस घरात पोहोचला, तरी दर वेळी भरलेली टाकी परवडतेच असे नाही. म्हणून चुलीचे सरपण वाफ्यात घालण्याचा आग्रह कुणी धरू नये. जे जळणाच्या कामाचे नाही, ओले, कुजके, वाळवी लागलेले, तेच वाफ्याचे. आणि खरे पाहता लाकडाची खरी उधळपट्टी पाड्यावर होतच नाही. ती होते वसाहतींत, कारखान्यांच्या आवारांत, रस्त्याकडेच्या छाटणीत आणि वाड्यांत. मे २०२१च्या तौक्ते वादळाने या किनारपट्टीवर असंख्य झाडे आडवी केली. त्यांतले बरेचसे लाकूड मातीच्या कामी आले असते. पुढचे वादळ कधीतरी येणारच. तेव्हा तरी तयारी असावी.

२०२१च्या वर्षप्रतिपदेला ‘भूमी सुपोषण’ अभियानाचा देशभर आरंभ झाला. गावोगाव भूमिपूजन झाले, प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. प्रतिज्ञेचे वजन तिच्या मागून येणाऱ्या कामाने ठरते. तलासरीत माधवराव काणे यांनी वनवासी मुलांसाठी आयुष्य वाहिले, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडीची कल्पना अंगणातच रुजवली. या मंडळींनी मोठ्या गोष्टी छोट्या जागेत सुरू केल्या. आज तेवढ्या त्यागाची मागणी कुणी करीत नाही. मागणी आहे ती एका रविवारची. शाखेच्या, मंडळाच्या किंवा सोसायटीच्या दहा माणसांनी यंदाच्या छाटणीचे लाकूड पेटू न देता एक वाफा रचावा. दुसरा जवळच्या शाळेत, तिसरा एखाद्या पाड्यावर, तेथील माणसांना विचारून आणि त्यांच्याकडून शिकून. शहरी कार्यकर्त्यापेक्षा वारली किंवा मल्हार कोळी शेतकऱ्याला मातीचे अधिक कळते, हे भान असले म्हणजे सेवेचा अहंकार होत नाही.

अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे आळी करण्याची, वेलभाज्यांचे बी टोचण्याची चाल आहे. त्या दिवशी भोपळ्याचे बी टोचायचे असेल, तर त्याखालचे लाकूड आताच गोळा करायला हवे. काडेपेटी खिशातच राहू द्यावी आणि कुदळ हाती घ्यावी.